‘१९५२ मध्येही एवढंच गरम होतं’: फोनवर येणारी ही शंका कुठल्या कारखान्यात तयार होते?

एप्रिल लागला की भिवंडीत दोन गोष्टी ठरलेल्या. दुपारी पत्र्याखालच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहवत नाही, आणि त्याच दुपारी कुठल्यातरी ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. शब्द थोडे बदलतात, पण सार असं असतं: मुंबईत सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान होतं. तेव्हा एवढ्या गाड्या नव्हत्या, एसी नव्हते. मग हे ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे सगळं थोतांड. खाली दोन हसणारे इमोजी.

गंमत म्हणजे यातला आकडा खरा आहे. सांताक्रूझचा एप्रिलमधला विक्रम म्हणून तो नेहमी सांगितला जातो. तिथला मार्चचा विक्रमसुद्धा जुनाच आहे, २८ मार्च १९५६ चा, ४१.७ अंशांचा. म्हणजे मेसेज टाकणारे काका खोटं बोलत नाहीयेत. तरी निष्कर्ष साफ चुकीचा आहे. खरा आकडा हातात देऊन माणसाला चुकीच्या दारात कसं नेऊन सोडायचं, याचं एक शास्त्र आहे. ते शास्त्र पगारी लोकांनी, पैसे घेऊन, ऑफिसात बसून तयार केलेलं आहे. त्याबद्दल आज बोलू.

आधी काकांचा हिशेब. भिवंडीतल्या वाचकांना तो सांगायला सोपा आहे. कापडाचा तागा चांगला की वाईट हे ठरवायला कोणी मधलीच एक वीत उलगडून बघत नाही, सगळा तागा उलगडतात. एका शहरातला एक दिवस म्हणजे ती एक वीत. एखादा दिवस कधीही भयंकर गरम असू शकतो, १९५२ मध्ये होता तसा. हवामान बदलतंय का हे कळायला हजारो दिवस, शेकडो ठिकाणं आणि अनेक दशकं एकत्र बघावी लागतात. ते काम आपल्या जवळच, पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये चालतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला आणि केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेला अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं. जगाची सरासरी त्याहून जास्त वाढली, आणि २०२४ हे औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या तुलनेत १.५ अंशांच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं.

०.७ ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं, नाही का? पण ही सरासरी आहे. सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस खूप वाढतात. त्यात कोकणपट्टीत नुसत्या तापमानाने भागत नाही. फोनमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये ‘फील्स लाइक’ असा एक आकडा दिसतो बघा. पारा ३६ आणि ‘फील्स लाइक’ ४४, असं कधी पाहिलं असेल. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. विदर्भातला ४३ अंशांचा कोरडा दिवस आणि खाडीकाठचा ३७ अंशांचा दमट दिवस यांची नुसत्या पाऱ्याने तुलना होत नाही ती यामुळे. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करताना कमाल तापमान ३७ च्या वर आहे का आणि ते नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त आहे का, हे बघतं. मैदानी भागात हीच सीमा ४० अंशांची आहे.

आता यंत्रमागाची शेड डोळ्यापुढे आणा. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवा दमट लागते. पंखा लावला तर कापसाची धूळ उडते आणि धागे हलतात. वर पत्रा. मजुरी मीटरवर, म्हणजे जितकं कापड निघेल तितके पैसे; सावलीत पाच मिनिटं बसलात तर ती पाच मिनिटं खिशातून जातात. नाशिक हायवेच्या बाजूच्या मोठमोठ्या गोदामांमध्ये ट्रक खाली करणाऱ्यांची आणि तुमचं पार्सल बाइकवर घेऊन निघणाऱ्याचीही गत फार वेगळी नाही. या माणसांसाठी ‘दरवर्षीचंच आहे’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. दरवर्षीचंच असेल तर कोणी शिफ्टची वेळ बदलायला नको, छताला पांढरा रंग द्यायला नको, दुपारची सुट्टी द्यायला नको.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तो आठवत असेल. उघड्या मैदानात लाखोंचा जनसमुदाय, डोक्यावर ऊन. १४ माणसं गेली. त्या दिवशी जवळपासचं तापमान ३८ च्या आसपास होतं, म्हणजे १९५२ च्या त्या प्रसिद्ध आकड्याच्या जवळही नाही. महिन्याभराने ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने एप्रिल २०२३ मधल्या दमट उष्णतेचा अभ्यास जाहीर केला. भारत आणि बांगलादेशात अशी उष्णता येण्याची शक्यता हवामान बदलामुळे किमान ३० पट वाढली आहे, असा त्याचा निष्कर्ष. आणि दमट उष्णता अशी चीज आहे की तिचा विक्रम पेपरात येतच नाही, कारण हेडलाइन पाऱ्याची होते.

बरं, मग ही शंका येते कुठून?

गोष्ट सिगारेटपासून सुरू होते. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. सिगारेटने कॅन्सर होतो असे अभ्यास येऊ लागले होते आणि सगळे घाबरले होते. त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीला नेमलं. जनसंपर्क म्हणजे पीआर: जाहिरात उघडपणे माल विकते, पीआर तुमचं मत घडवते, आणि शक्यतो कोणी घडवलं ते कळू देत नाही. या कंपनीच्या सल्ल्यामागची चलाखी बघा. ‘कॅन्सर होत नाही’ असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, ‘अजून नक्की नाही, शास्त्रज्ञांत एकमत नाही, आम्ही स्वतः संशोधनाला पैसे देतो.’ जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत या सुराचं निवेदन छापून आलं. पुढे १९६९ च्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर स्पष्टच लिहिलं होतं की आपण जे विकतो ते उत्पादन म्हणजे शंका.

शंका हा माल म्हणून फार सोयीचा आहे. ती सिद्ध करावी लागत नाही. समोरच्याला पटावीही लागत नाही. तो नुसता थांबला, ‘बघू, अजून चर्चा चालू आहे’ म्हणाला, की काम झालं.

तेल कंपन्यांनी हेच मशीन उचललं, आणि त्यांची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण त्यांना नक्की माहीत होतं. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीत जेम्स ब्लॅक नावाचे शास्त्रज्ञ होते. जुलै १९७७ मध्ये त्यांनी कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना सांगितलं की तेल, कोळसा जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्याने पृथ्वी तापेल. कंपनीने मग स्वतःचे शास्त्रज्ञ कामाला लावले, टँकरवर यंत्रं बसवून मोजमाप केलं, गणिती मॉडेलं बनवली. २०२३ मध्ये जेफ्री सुपरान, श्टेफान रामस्टोर्फ आणि नेओमी ओरेस्केस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात १९७७ ते २००३ मधले कंपनीचे ते जुने अंदाज प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिले. ६३ ते ८३ टक्के अंदाज अचूक निघाले. विद्यापीठांतल्या आणि सरकारी शास्त्रज्ञांच्या तोडीस तोड.

म्हणजे आत अचूक माहिती होती. बाहेर काय सांगत होते? सुपरान आणि ओरेस्केस यांनीच २०१७ मध्ये ते मोजलं होतं. एक्सॉन आणि मोबिलची अंतर्गत कागदपत्रं घेतली तर त्यातली ८० टक्के मान्य करतात की तापमानवाढ खरी आणि माणसामुळे आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोबिल वर्षानुवर्षं पैसे देऊन लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिराती छापत असे. त्यात असं मान्य करणाऱ्या १२ टक्के, आणि शंका पेरणाऱ्या ८१ टक्के. लेखासारखी दिसणारी जाहिरात! आज आपण जिला ‘पेड कंटेंट’ म्हणतो, ती १९७० च्या दशकातच चांगली रुळलेली होती.

१९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटार अशा उद्योगांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ काढली. नाव ऐकून पर्यावरणवाल्यांची संघटना वाटावी, हाच हेतू. आणि १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमध्ये डझनभर लोक बसून एक आराखडा करतात; तो फुटतो आणि पेपरात येतो. त्यातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. मोहीम यशस्वी झाली हे कधी समजायचं, तर सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातली अनिश्चितता ‘समजेल’ तेव्हा. विज्ञान हरवायचं नव्हतंच, सामान्य माणसाच्या डोक्यात एक प्रश्नचिन्ह बसवायचं होतं. त्यासाठी काय करायचं, तर याआधी या वादात न दिसलेले, नव्या चेहऱ्याचे पाच शास्त्रज्ञ शोधून, प्रशिक्षण देऊन मीडियासमोर उभे करायचे. आज याच कामासाठी रिंग लाइट आणि माइक पुरतो.

हे अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं? तर माल तिथे बनला पण त्याला सीमा नाहीत. इंग्रजीतलं हिंदीत येतं, हिंदीतलं मराठीत, आणि इथे पोचेपर्यंत मूळ कारखान्याचा शिक्का पुसलेला असतो. काकांना कोणी पैसे दिलेले नसतात. ते फुकट वितरक असतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर चिडण्यात फारसा अर्थ नाही.

स्क्रीनशॉटची युक्ती तर तुमच्या ओळखीची आहे. कोणाची चॅट अर्धी कापून पाठवली की साधा माणूस खलनायक दिसतो. हवामानशास्त्रज्ञांवर ही युक्ती नोव्हेंबर २००९ मध्ये चालवली गेली. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा सर्व्हर हॅक झाला, हजाराहून जास्त ईमेल चोरून इंटरनेटवर टाकले गेले, तेही कोपनहेगनच्या जागतिक हवामान परिषदेच्या काही आठवडे आधी. एका ईमेलमध्ये आलेख काढण्याच्या पद्धतीबद्दल ‘ट्रिक’ हा शब्द होता. झालं! शास्त्रज्ञांनी आकड्यांची फसवाफसवी केली अशा बातम्या जगभर गेल्या. आपण ‘गणित सोडवायची ट्रिक’ म्हणतो त्या अर्थाने तो शब्द होता. नंतर ब्रिटिश संसदेच्या समितीसकट अनेक चौकशा झाल्या, आकडे बनवल्याचं कुठेही निघालं नाही. पण चौकशीचा अहवाल कोण फॉरवर्ड करतं? त्याच सुमाराला आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालातली हिमालयाबद्दलची एक घोडचूकही बाहेर आली. हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं त्यात लिहिलं होतं, आणि त्याला धड आधार नव्हता. आयपीसीसीने जानेवारी २०१० मध्ये ते कबूल केलं. हजारो पानांतला एक परिच्छेद चुकला हे खरं. त्यावरून बाकीची हजारो पानं खोटी ठरवणं, ही तीच एक वीत कापडाची गोष्ट.

‘होतच नाहीये’ हा प्रकार मात्र आता जुना होत चाललाय. ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरलंय त्याला तो विकता येत नाही. म्हणून मालाचं पॅकिंग बदललं. जानेवारी २०२४ मध्ये ‘सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट’ या संस्थेने यूट्यूबवरच्या ९६ चॅनेलच्या १२ हजारांहून जास्त व्हिडिओंचा मजकूर एआयने तपासला. सगळे इंग्रजी चॅनेल होते, हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये हवामान बदल नाकारणाऱ्या दाव्यांपैकी ३५ टक्के नव्या धाटणीचे होते. २०२३ पर्यंत ते ७० टक्के झाले. नवी धाटणी म्हणजे काय? बदल होतोय, पण उपायांचा उपयोग नाही. होतोय, पण फार वाईट नाही. होतोय, पण शास्त्रज्ञ आणि चळवळवाले विश्वासाचे नाहीत. यूट्यूब चालवणाऱ्या गूगलने ऑक्टोबर २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की हवामान बदल नाकारणाऱ्या मजकुरावर जाहिरातीचे पैसे मिळणार नाहीत. नियम जुन्या मालाला लागू पडतो, नवा माल बाजूने निघून जातो.

मराठीत या नव्या मालाचं सगळ्यात जास्त खपणारं रूप कोणतं, असं मला विचाराल तर मी म्हणेन: ‘हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान आहे, आपण का भोगायचं?’ हे चटकन खोडून काढता येत नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा अन्याय आकड्यांनिशी जगापुढे मांडला होता, आणि तो मुद्दा आजही शंभर टक्के बरोबर आहे. पण मांडणारे काय मागत होते? श्रीमंत देशांनी जास्त कपात करावी. फॉरवर्डमध्ये त्याचं होतं, ‘म्हणून कोणीच काही करू नये.’ शिवाय तो दोन टनांचा आकडा सरासरीचा आहे. त्यात एक खोली आणि एक पंखा असलेला माग कामगारही येतो आणि खोलीगणिक एसी, दारात तीन गाड्या असलेलं घरही येतं. कामगाराच्या कमी वापरामुळे सरासरी खाली राहते आणि बाकीचे त्या सरासरीच्या सावलीत उभे राहतात. ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्ये यावर एक अहवाल काढला होता. ‘गरिबांच्या आडून लपणं’ अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. नावच पुरेसं आहे.

आणि शंकेचा माल फक्त परदेशी कंपन्याच वापरतात असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्रदूषणामुळे आयुष्य कमी होतं का असा विषय लोकसभेत निघाला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर म्हणाले की असा संबंध दाखवणारा एकही भारतीय अभ्यास नाही, लोकांच्या मनात भीती निर्माण करू नये. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, खुद्द सरकारच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा सहभाग असलेला अभ्यास ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आला होता. २०१७ या एका वर्षात देशात १२.४ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले, आणि प्रदूषण कमी असतं तर सरासरी आयुर्मान १.७ वर्षांनी जास्त असतं, असा त्याचा अंदाज. ‘अजून पुरेसा पुरावा नाही’ हे १९५४ च्या सिगारेटवाल्यांचं वाक्य किती प्रवास करून आलं बघा.

दुसरी एक युक्ती आहे, ती मला सगळ्यात हुशारीची वाटते: दोष ग्राहकावर टाकणे. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिला असेल. तुम्ही किती प्रदूषण करता ते मोजा, असं सांगणारा कॅल्क्युलेटर २००४ च्या सुमाराला लोकांपुढे मोठ्या प्रमाणावर कोणी आणला? बीपी या तेल कंपनीने. जाहिरात मोहीम ऑगिल्व्हीची. तेल काढणारा विचारतोय, तुम्ही आज किती तेल जाळलंत! त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, अमेरिकेत कचरा बघून रडणाऱ्या मूळनिवासी माणसाची एक जाहिरात खूप गाजली होती. तिच्यामागच्या संस्थेला पेयांच्या आणि पॅकिंगच्या कंपन्यांचे पैसे होते, आणि तो नट मूळनिवासी नव्हताच, इटालियन वंशाचा होता. संदेश काय, तर बाटली बनवणारा नाही, टाकणारा दोषी.

आपल्याकडची प्लास्टिकबंदी या चष्म्यातून बघा. महाराष्ट्र सरकारची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, कारवाई २३ जूनपासून, पहिल्यांदा सापडलात तर दंड ५,००० रुपये. पिशवीत भाजी देणारा तीन बत्तीचा विक्रेता त्यात सापडत होता. कारखान्यातच प्लास्टिकमध्ये बंद होऊन येणाऱ्या वेफर्स-बिस्किटांच्या पुड्याला मात्र सूट होती. बंदी चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. गटारं तुंबतातच. पण दंडाची पावती कोणाच्या हातात पडली, एवढं बघा.

म्हणूनच हवामानाबद्दलचा कुठलाही मेसेज आला की मी ‘खरं की खोटं’च्या आधी दुसरा प्रश्न विचारते: हे मानलं तर कोण सुटतं? ‘होतच नाहीये’ म्हटलं की तेल कंपन्या सुटतात. ‘तुम्हीच जबाबदार’ म्हटलं तरी त्याच सुटतात. ‘गोऱ्यांचं कारस्थान’ म्हटलं की आपल्याकडचे मोठे प्रदूषक सुटतात. आणि हा प्रश्न उलट बाजूनेही लागू पडतो, हे विसरू नका. पावसात कामवारी नदीचं पाणी वस्तीत शिरलं की ‘हवामान बदलामुळे अतिवृष्टी झाली’ असं उत्तर तयार असतं. ते खोटं नाही. आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलंय की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. पण पाऊस वाढणार हे माहीत असताना नाल्यातला गाळ तसाच राहिला, भातशेती आणि पाणथळ जागा भरून गोदामं उभी राहिली, तर ते आभाळातून पडलेलं नाही. खारघरलाही तेच. दमट उष्णता हवामान बदलाची, पण भर दुपारी मैदानात मंडप न घालता लोकांना बसवायचं, हा निर्णय माणसांचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘हवामान बदल नाही’ म्हणून सुटता यायचं, आता ‘हवामान बदल आहे ना’ म्हणूनही सुटता येतं.

भाषेतसुद्धा हे शिरलेलं आहे. ‘निसर्गाचा कोप’, ‘निसर्गाचा लहरीपणा’. बातमीत हे शब्द आले की करणारा वाक्यातून गायब होतो. असे शब्द पीआरवाल्यांनी दिलेले नाहीत, आपलेच आहेत, पण त्यांना ते आयते मिळाले.

राहिला हिरवा रंग. नवीन फोन, घड्याळ, चप्पल, पाण्याची बाटली, सगळ्यावर हिरवं पान आणि ‘इको-फ्रेंडली’. यालाच ग्रीनवॉशिंग म्हणतात. ॲपलने २०२३ मध्ये काही घड्याळं ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून विकायला काढली. उरलेल्या कार्बनची भरपाई म्हणून पॅराग्वे देशात निलगिरीची लागवड दाखवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या न्यायालयाने हा दावा जाहिरातीत करायला मनाई केली. कारण साधं होतं: लागवडीच्या ७५ टक्के जमिनीचे भाडेकरार २०२९ मध्येच संपतात. त्यानंतर ती झाडं उभी राहतील याची हमी काय?

आपल्याकडे मुंबईतल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाचे पर्यावरणविषयक दाव्यांचे नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘कार्बन न्यूट्रल’ असं नुसतं लिहून चालत नाही, पुरावा ग्राहकाला दिसला पाहिजे, आणि तो क्यूआर कोड किंवा वेब पत्त्यातूनही देता येतो. तेव्हा पुढच्या वेळी हिरवं पान दिसलं की खोक्यावर कोड शोधा आणि स्कॅन करा. कोड नसेल, किंवा स्कॅन केल्यावर नुसतं जंगलाचं सुंदर चित्र उघडलं, तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल. तक्रार दोन्हीकडे ऑनलाइन करता येते.

फोनवर आणखी काय करता येतं? व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणासोबत ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो मेसेज पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, एवढं तरी नक्की. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो तो याच कारणासाठी. पुराचा किंवा बर्फाचा फोटो गूगल लेन्सने तपासा, बहुतेक वेळा तो कुठल्या तरी दुसऱ्याच वर्षाचा निघतो. जाहिरात असेल तर मेटाच्या ॲड लायब्ररीत किंवा गूगलच्या ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटरमध्ये कंपनीचं नाव टाकून ती आणखी कुठल्या जाहिराती चालवतेय ते बघता येतं. मात्र यातलं काहीही खरा आकडा आणि खोटा निष्कर्ष असलेला १९५२ चा मेसेज पकडणार नाही. तिथे युक्ती ओळखावी लागते.

त्या सरावासाठी एक मोफत गेम आहे, ‘क्रँकी अंकल’. ऑस्ट्रेलियाचे जॉन कुक हे आधी व्यंगचित्रकार होते, मग चुकीच्या माहितीचा अभ्यास करणारे संशोधक झाले. हा गेम त्यांनी बनवलाय. आजाराची लस देतात तशी फसवणुकीच्या युक्तीची थोडीशी मात्रा आधीच द्यायची, म्हणजे खरी युक्ती समोर आल्यावर डोकं तयार असतं, अशी त्यामागची कल्पना. खोटे तज्ज्ञ, तर्काची गफलत, अशक्य अपेक्षा, सोयीचा आकडा निवडणं, कटाच्या गोष्टी, असे पाच प्रकार त्यात येतात. गंमत अशी की गेममध्ये तुम्ही काकांना हरवत नाही. किरकिरे काका तुमचे गुरू असतात, हवामान बदल कसा नाकारायचा ते तेच शिकवतात, आणि जसजशा युक्त्या ओळखता येतात तसतसे तुम्ही त्यांच्याइतकेच किरकिरे होत जाता. खेळून बघा, आणि काकांनाही लिंक पाठवा.